गॅस न पेटवता न्याहारी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. सकाळी घर सोडायची घाई, शिजवायला वेळ नाही, म्हणून चहा-बिस्किटं किंवा स्टेशनवरचा वडापाव. गॅससमोर उभं न राहता पोटभरीचं आणि पौष्टिक काय खाता येईल, असं सगळ्यांनी विचारलंय.

आपल्या घरात याची तयारी कधीचीच आहे. पोहे, लाह्या, चुरमुरे, फुटाणे, डाळं, सातूचं पीठ, मेतकूट हे सगळं भट्टीत किंवा कढईत आधीच भाजून झालेलं असतं. आपण फक्त त्याला ओलावा द्यायचा आणि प्रथिनांची जोड घालायची. बिघडतं ते पाण्याच्या प्रमाणात आणि वेळेत, म्हणून खाली शक्य तिथे ग्रॅम आणि मिनिटं दिली आहेत. चमचा म्हणजे चहाचा, 5 मिलीचा. मोठा चमचा म्हणजे 15 मिलीचा.

प्रश्न: दडपे पोहे सकाळी झटपट होतील म्हणून करायला घेतले, पण कधी लगदा होतो तर कधी घशाखाली उतरत नाहीत. आणि फोडणीसाठी गॅस लावावा लागतोच ना? (बँक कर्मचारी, डोंबिवली)

उत्तर: पोहे पातळच हवेत, आणि ते धुवायचे नाहीत. सालासकटचं भात (साळ) भिजवून, भाजून, दाबून पोहे होतात, म्हणजे शिजण्याचं काम झालेलं असतं. पातळ पोह्यांना कांदा, नारळ आणि लिंबू यांच्या अंगचा ओलावा पुरतो.

दोघांसाठी 100 ग्रॅम पातळ पोहे घ्या. एक मध्यम कांदा बारीक चिरून, अर्धी वाटी खोवलेला ओला नारळ (40 ते 50 ग्रॅम), एक हिरवी मिरची, अर्ध्या लिंबाचा रस, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर आणि मूठभर कोथिंबीर. कैरीच्या दिवसांत लिंबाऐवजी दोन मोठे चमचे किसलेली कैरी घाला, चव कितीतरी खुलते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कांदा, नारळ, मिरची, मीठ, साखर आणि लिंबू हे सगळं परातीत हाताने चुरून पाच मिनिटं ठेवा. मिठामुळे कांद्याला पाणी सुटतं आणि तळाशी ओलसर रस जमतो. मग पोहे घालून बोटांनी हलकेच वरखाली करा, सपाट दाबा, वर ताट आणि ताटावर पाण्याने भरलेला तांब्या. पंधरा मिनिटांत तुमची आंघोळ उरकते आणि पोहेही मुरतात. झाले का ते पाहायला एक पोहा चिमटीत धरून वाकवा. न तुटता वाकला की तयार. मोडला तर नारळाचं पाणी एका वेळी एकच मोठा चमचा शिंपडा आणि आणखी पाच मिनिटं दडपा.

लगदा होतो तो सुरुवातीलाच पाणी ओतल्यामुळे, किंवा टोमॅटो-काकडी गरासकट घातल्यामुळे. टोमॅटो घालायचाच तर बिया आणि गर काढा, आणि तोही खाताना. घशात अडकतात ते नारळ सुका वापरल्यामुळे, झाकण सैल राहिल्यामुळे, किंवा पोहे जाड असल्यामुळे. घरात जाडच पोहे असतील तर दोनदा पाण्यातून काढून चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या आणि मग वापरा, पण तो पदार्थ थोडा वेगळा होतो.

फोडणी रविवारी करून ठेवता येते. 100 मिली तेल तापवून त्यात दोन चमचे मोहरी तडतडू द्या, मग चार सुक्या मिरच्या आणि कढीपत्ता. गॅस बंद करून अर्धा चमचा हिंग आणि एक चमचा हळद. कढीपत्ता आदल्या रात्री धुऊन कापडावर पूर्ण वाळवलेला हवा आणि तेलात कुरकुरीत व्हायला हवा, कारण पानांत राहिलेल्या पाण्यानेच हे तेल खराब होतं. गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर ठेवा. रोज दोन-तीन चमचे, कोरड्या चमच्यानेच काढायचं. या तेलात ओला लसूण मात्र कधीही घालून ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांच्या विषाला ना वास असतो ना चव. लसणीची फोडणी हवी असेल तर ती ताजी करून लगेच संपवावी.

वरून 40 ग्रॅम भाजलेले दाणे अगदी शेवटी. आधी घातले तर मऊ पडतात.

प्रश्न: सकाळी आठला एक केळं आणि दुधात कॉर्नफ्लेक्स खातो. अकरा वाजता पोटात कावळे ओरडतात आणि कॅन्टीनमध्ये समोसा खाल्ला जातो. चुकतंय काय? (सॉफ्टवेअर क्षेत्र, पुणे)

उत्तर: प्रथिनं कमी पडतात, आणि चावायलाही फारसं काही नसतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन 60 किलो असेल तर साधारण 50 ग्रॅम. त्यातली 12 ते 15 ग्रॅम सकाळीच पोटात गेली तर दुपारपर्यंत आधार राहतो. तुमच्या वाडग्यात 30 ग्रॅम कॉर्नफ्लेक्सची दोनेक ग्रॅम, 150 मिली दुधाची पाच, आणि केळ्याची एक ग्रॅम, म्हणजे सगळी मिळून आठ.

आता हा हिशोब पाहा. 50 ग्रॅम पोहे साधारण तीन ग्रॅम देतात, 150 ग्रॅम दही पाच, 20 ग्रॅम म्हणजे छोटी मूठभर दाणे पुन्हा पाच. साधे दहीपोहे तेरावर पोचले. मूठभर दाण्यांनी जो फरक पडतो तो महागडी पाकिटं आणून पडत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगू. केळं सोडू नका, त्याच्याबरोबर दाणे किंवा फुटाणे खा. 30 ग्रॅम फुटाण्यांत सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ते खिशात मावतात.

प्रश्न: मूग-मटकीला घरी मोड आणते. उन्हाळ्यात वास येतो, चिकट होतात. थंडीत मोडच येत नाहीत. (शिक्षिका, नाशिक)

उत्तर: चिकटपणा आणि आंबूस वास म्हणजे दाणे पाण्यात बुडून राहिले, त्यांना हवा मिळाली नाही, आणि उबेत जंतू वाढले. असे मोड धुऊन, मीठ-लिंबू लावून खायचा विचारही करू नका, टाकून द्या.

30 ग्रॅम कोरडे मूग (दोन मोठे चमचे भरून) एका माणसाला पुरतात. निवडून, तीन पाण्यांत धुऊन, चौपट पाण्यात आठ तास भिजवा. मटकीला सहा तासही पुरतात. जास्त वेळ पाण्यात राहिली तर तीच आधी बुळबुळीत होते. भिजल्यावर पाणी पूर्ण काढा. कडधान्य चाळणीत पंधरा मिनिटं निथळलं पाहिजे, खालून एकही थेंब पडता कामा नये. मग सुती फडक्यात सैलसर बांधा. घट्ट पुरचुंडीत मधले दाणे गुदमरतात आणि वास तिथूनच सुरू होतो. एप्रिल-मे महिन्यात दहा ते बारा तासांत मोड येतात आणि मध्ये एकदा ताज्या पाण्याने धुऊन पुन्हा निथळावे लागतात. डिसेंबरात वीस-चोवीस तास द्या आणि पुरचुंडी डब्यात झाकून स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवा.

मोड अर्धा-पाऊण सेंटिमीटर झाले की थांबा. डब्याच्या तळाला कोरडा सुती रुमाल घालून त्यावर मोड पसरा आणि फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस छान राहतात. सकाळी कांदा, काकडी, लिंबू, मीठ आणि 20 ग्रॅम दाणे घातले की दोन मिनिटांत बारा ग्रॅम प्रथिनं. त्याआधी मोड ताटात पसरून न भिजलेले कडक दाणे काढून टाका. भरभर खाताना असा एक दाणा दाताखाली आला तर दात दुखावतो.

आणि कडधान्य वाण्याकडचंच घ्या. शेतीच्या दुकानातल्या बियाण्याला बहुधा औषध लावलेलं असतं, ते खाण्यासाठी नसतं.

प्रश्न: राजमा, छोले, वाल यांचे मोडही कच्चे खाल्ले तर चालतील का? माझी मुलगी गरोदर आहे, तिला मोड आलेले मूग रोज द्यावेत असं घरातले म्हणतात. (वाचक, सातारा)

उत्तर: राजमा आणि वाल कच्चे अजिबात नकोत. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. मूठभर दाण्यांनीही काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होऊ शकतात, आणि ते मोड आणल्याने जात नाही, भरपूर उकळल्यानेच जातं. वाल-पावट्यालाही शिजवण्याला पर्याय नाही. छोले भिजवून कच्चे खाणं बहुतेकांना जड जातं. कच्चे खायचे तर मूग आणि मटकी, एवढ्यावरच थांबावं.

मुलीला मोड द्या, पण पूर्ण शिजवून, उसळ करून. मोड वाढतात तीच उब आणि तोच ओलावा जंतूंनाही मानवतो, आणि जंतू बियाच्या सालीच्या भेगांत असले तर धुऊन निघत नाहीत. 2011 साली जर्मनीत ई-कोलायची मोठी साथ आली, पन्नासाहून अधिक माणसं दगावली, तिचा माग शेवटी मोड आलेल्या मेथीपर्यंत गेला. धडधाकट माणसाने घरचे ताजे, नीट निथळलेले मोड खावेत. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, सत्तरी ओलांडलेले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी मात्र कच्चे मोड टाळावेत. या बाबतीत आम्ही कुणालाही सूट देणार नाही, मग घरातली प्रथा काहीही असो.

प्रश्न: सातूचं पीठ ताकात घातलं की गुठळ्या होतात. शिवाय पोट फुगतं. मी दिवसभर मोटारसायकलवर फिरतो, मला बाटलीतून नेता येईल असं हवंय. (औषध विक्री प्रतिनिधी, नागपूर)

उत्तर: पाकीट उलटं करून घटक पाहा. घरोघरी करतात त्या सातूत बहुतेकदा गहू आणि डाळं असतं, जोडीला जिरं किंवा सुंठ-वेलची, आणि ते गूळ-दुधात छान लागतं. बाजारात ‘सत्तू’ म्हणून मिळतं ते बहुधा नुसत्या भाजलेल्या हरभऱ्याचं असतं. ताकात आणि मीठ-जिऱ्याबरोबर ते उत्तम. हरभऱ्याच्या 40 ग्रॅममध्ये (चार मोठे चमचे भरून) आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. गव्हाच्या मिश्रणात थोडी कमी.

पेल्यात करताना आधी पीठ, त्यात तीन-चार मोठे चमचे पाणी, चमच्याने घोटून गुळगुळीत लेप, आणि मग 200 मिली ताक. एकदम सगळं ताक ओतलं की पिठाचा बाहेरचा थर भिजून आतलं पीठ कोरडंच राहतं, तीच गुठळी. बाटलीत याच्या नेमकं उलट करायचं. आधी ताक, मग पीठ, आणि बाटलीत चौथा भाग हवा राहू द्यायची, म्हणजे हलवायला जागा मिळते. पीठ आधी गेलं तर तळाच्या कडेला घट्ट बसतं आणि कितीही हलवा, सुटत नाही. दहा मिनिटांत पीठ फुगून दाट होतं, तेव्हा वाटतं त्यापेक्षा थोडं पातळच ठेवा.

पोट फुगतं कारण सवय नसताना एकदम जास्त घेतलं जातं. पहिला आठवडा 20 ते 25 ग्रॅमच घ्या, त्यात अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हिंग घाला, आणि सावकाश प्या. नागपूरच्या उन्हात बनवलेलं ताक गाडीच्या डिकीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, मे महिन्यात तर तासभरही खूप झालं. त्यापेक्षा पीठ, मीठ, जिरेपूड कोरडीच बाटलीत न्या. प्यायच्या वेळी ते कागदावर काढा, बाटलीत थंड पाणी भरा, मग पीठ आत, आणि वर लिंबू पिळा.

प्रश्न: रात्री दुधात भिजवलेले ओट्स सकाळी खळीसारखे होतात. अननस घातला त्या दिवशी तर सगळं कडू झालं. (लेखापाल, ठाणे)

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खळ होते ती झटपट शिजणारे बारीक ओट्स घेतल्यामुळे. रात्रभर भिजवायला मोठ्या, अखंड चपट्या पाकळ्यांचे ओट्स घ्या. ते वाफवून चपटे केलेले असतात, त्यामुळे न शिजवता चालतात. चिरलेल्या कडक दाण्यांचे ओट्स रात्रीत मऊ पडत नाहीत, आणि मसाला ओट्सचं पाकीट शिजवायसाठीच असतं.

एका माणसाला 40 ग्रॅम ओट्स, 120 मिली गार दूध, 50 ग्रॅम दही, एक चमचा सब्जा किंवा जवसाची पूड, चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्याच्याविना हे अळणी आणि पिठूळ लागतं. डबा तीन-चतुर्थांशच भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी फार घट्ट वाटलं तर दोन मोठे चमचे दूध. सुका मेवा आणि फळ सकाळीच.

कडूपणा अननसाचा. ताज्या अननसात, पपईत आणि किवीत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. दूध-दह्याबरोबर ती तासन् तास राहिली की दुधातली प्रथिनं तुटून कडवट चव येते. ही फळं खाण्याच्या क्षणी घाला, किंवा वेगळी खा. डबाबंद अननस उष्णतेतून गेलेला असतो, त्याने असं होत नाही, पण तो पाकातला असतो. सफरचंद, केळं, आंबा, चिकू, डाळिंब यांचा काही त्रास नाही.

जाता जाता मुसलीबद्दल, कारण तीन जणांनी तेही विचारलंय. झुरिकच्या डॉ. बिर्शर-बेन्नर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णांना जी मुसली द्यायला सुरुवात केली तिच्यात मुख्य भाग किसलेल्या सफरचंदाचा होता. ओट्स मोठा चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले. आजच्या पाकिटांत हे प्रमाण उलटं झालंय आणि साखर वाढलीये. पाकिटामागे 100 ग्रॅमला साखर किती ते वाचा. 20 ग्रॅमच्या पुढे असेल तर तो खाऊ समजावा, न्याहारी नव्हे.

प्रश्न: वसतिगृहात राहते, फ्रीज नाही, मिक्सर नाही, स्वयंपाकाला बंदी. रात्रपाळीहून सकाळी आठला येते तेव्हा भूक लागलेली असते आणि लगेच झोपायचंही असतं. (परिचारिका, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: फ्रीज नसताना रात्री भिजवून ठेवायचे पदार्थ विसरून जा. उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला दूध दोन तासांपेक्षा जास्त ठेवणं धोक्याचं. कोरडा साठा ठेवा आणि ओला भाग रोज येताना विकत आणा.

साठ्यात पातळ पोहे, ज्वारीच्या आणि राजगिऱ्याच्या लाह्या, फुटाणे, भाजलेले दाणे, सातूचं पीठ, मेतकूट, खजूर आणि दुधाची पूड. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात. दळलेलं भाजकं पीठ दोन महिन्यांत संपेल एवढंच आणा, जुन्या पिठाला खवट वास येतो. येताना दह्याचा 200 ग्रॅमचा छोटा डबा आणि एक फळ.

तुमच्यासाठी पहिली पसंती मेतकूट-दहीपोह्यांना. 40 ग्रॅम पातळ पोह्यांवर पाव वाटी पाणी शिंपडून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग 150 ते 200 ग्रॅम दही, दोन चमचे मेतकूट, मीठ, वरून दाणे. हलकं असतं, झोपेच्या आधी पोटाला जड होत नाही. दुसऱ्या दिवशी 30 ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या, 200 मिली पाण्यात 25 ग्रॅम दुधाची पूड आणि दोन खजूर चिरून. दुधाची पूडही सातूसारखीच, आधी थोड्या पाण्यात घोटून.

लाह्यांबद्दल एक लक्षात ठेवा. ज्वारीच्या लाह्यांनी वाडगा भरलेला दिसतो, पण वजन असतं 15 ग्रॅमच्या आसपास. नुसत्या लाह्यांवर तासाभरात पुन्हा भूक लागणारच.

प्रश्न: दहीपोहे डब्यात नेतो. साडेदहाला उघडेपर्यंत आंबट आणि कोरडेठाक. (लोकलने प्रवास करणारा वाचक, बदलापूर)

उत्तर: पोहे दह्यातलं पाणी शोषतात, आणि दही उबेत आणखी आंबट होत जातं. म्हणून दही कमी आणि दूध जास्त घ्या. 50 ग्रॅम पोहे, तापवून गार केलेलं दूध 150 मिली, आणि फक्त एक चमचा ताजं, गोड दही. दूध डब्यातच हळूहळू विरजतं आणि साडेदहापर्यंत पोहे ओलसर, किंचित आंबट असे होतात. मीठ पुडीत वेगळं न्या, कारण मीठ आधी घातलं तर विरजण मंदावतं. डबा अगदी काठोकाठ भरू नका.

काकडी घालायची असेल तर किसू नका, चोचवा. सोललेली काकडी तळहातावर धरून सुरीच्या पात्याने तिच्यावर उभे-आडवे बारीक वार करायचे आणि तेवढाच थर कापून घ्यायचा, पुन्हा वार, पुन्हा थर. किसलेल्या काकडीपेक्षा हिला पाणी कमी सुटतं आणि कुरकुरीतपणा राहतो. छोट्या डबीत वेगळी नेऊन खाताना मिसळा.

प्रश्न: नाचणीचं पीठ कच्चंच दुधात मिसळून प्यायलं तर? आणि दुधात कच्चं अंडं? (व्यायामशाळेत जाणारा तरुण, कोल्हापूर)

उत्तर: दोन्हींना नाही. कच्च्या पिठातला स्टार्च नीट पचत नाही, आणि दळलेल्या कच्च्या धान्यात जंतू असू शकतात. नाचणी हवी तर रविवारी पीठ मंद आचेवर खमंग भाजून, पेज करून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा, किंवा नाचणीच्या लाह्या आणा. कच्च्या अंड्यात साल्मोनेलाचा धोका असतो, आणि त्यातली प्रथिनं शिजवलेल्या अंड्याइतकी अंगी लागत नाहीत. आदल्या रात्री दोन अंडी उकडून, सालासकट फ्रीजमध्ये ठेवा. बारा ग्रॅम प्रथिनं तयार.

प्रश्न: दिवाळीतले रोसातले फोव (नारळाच्या दुधातले पोहे) आम्हाला इतके आवडतात की ते रोजच सकाळी करावेसे वाटतात. चालेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर: सणाला मनसोक्त खा, रोज नको. नारळाचं पहिलं दाट दूध 100 मिली घेतलं तर त्यात वीस ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात आणि प्रथिनं जेमतेम दोन. शिवाय ताजा रोस दमट हवेत काही तासांत नासतो, रात्री काढून बाहेर ठेवता येत नाही. रोजच्यासाठी ताकातले फोव घ्या. 50 ग्रॅम तांबडे फोव धुऊन पंधरा मिनिटं झाकून ठेवा, त्यात 200 मिली ताक, मीठ, ठेचलेली मिरची-आलं आणि चवीला एक मोठा चमचा खोबरं. रात्री 25 ग्रॅम मूगडाळ फ्रीजमध्ये भिजत घातलेली असेल तर ती निथळून यातच मिसळा. कच्ची भिजवलेली मूगडाळ हरभऱ्याच्या डाळीपेक्षा पोटाला सोसते, आणि दाताखाली येते तेव्हा छान लागते.

प्रश्न: जर्मनीत नोकरीला आले आहे. इथलं दही पातळ वाटतं, पोहे भारतीय दुकानात महाग. (वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर: तुमच्याकडे प्रत्येक दुकानात क्वार्क मिळतो, तो आपल्या चक्क्याच्या जवळचा. कमी स्निग्धांशाच्या ‘मागरक्वार्क’मध्ये 100 ग्रॅमला बारा ग्रॅम प्रथिनं असतात. 150 ग्रॅम क्वार्क तीन-चार मोठे चमचे दुधात घोटून सैल करा, मीठ, जिरेपूड, चोचवलेली काकडी घाला आणि राईच्या पावाबरोबर खा. गोड हवं तर किसलेलं सफरचंद. ओट्सच्या पाकिटावर ‘कर्निग’ असेल तर पाकळ्या मोठ्या, ते रात्रभर भिजवायला. ‘त्सार्ट’ बारीक, ते सकाळी दहा मिनिटांत मऊ होतात.

प्रश्न: मधुमेह आहे. साखरेऐवजी गूळ, मध, खजूर घालून हे सगळं खाल्लं तर चालेल ना? (निवृत्तीला आलेले वाचक, सांगली)

उत्तर: गूळ आणि मध यांना शरीर साखरच समजतं. खजुरात चोथा असतो, पण साखरही भरपूर असते, तेव्हा एखादाच. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध धरून, दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम मानते. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा घेतले की तो कोटा तिथेच संपतो.

तिखट-मिठाचे प्रकार निवडा. मोड आलेले मूग, हरभऱ्याचं सत्तू ताकात, किंवा 40 ग्रॅम पोहे भरपूर दही, दाणे आणि काकडीबरोबर. नुसते दूध-पोहे किंवा केळ्याची शिकरण रक्तातली साखर चटकन चढवते. फळ चावून खा, रस नको. औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर न्याहारीचं प्रमाण आणि वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण खाणं अचानक कमी केलं तर साखर खालीही जाऊ शकते.

प्रश्न: न्याहारीबरोबर चहा घेतला तर बिघडतं का? (बऱ्याच वाचकांचा प्रश्न)

उत्तर: हिमोग्लोबिन कमी असेल तर बिघडतं. चहातली टॅनिनं पोहे, कडधान्यं आणि राजगिऱ्यातलं लोह शोषू देत नाहीत, तर लिंबू, आवळा किंवा पेरूतलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं. म्हणून दडप्या पोह्यांवर आणि मोडांवर लिंबू पिळाच, आणि चहा तासाभराने घ्या. उठल्याउठल्या चहा लागतोच असं असेल तर तो घ्या, आंघोळ-आवराआवर होऊ द्या, आणि निघण्याच्या आधी न्याहारी करा. पोहे तेवढ्या वेळात दडपून होतात.